जवाच्या पिठाचं शहर

काकांबरोबर रस्त्यानं जाणं ही एक शिक्षा होती. इल्फर्डच्या बाजारातून आम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन निघालो की दर पन्नास पावलांवर ते थांबायचे, मान तिरकी करून डांबरावरच्या एखाद्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघायचे आणि नाक मुरडायचे. "सूनबाई, हा झेब्रा बघा. चहाच्या सुट्टीनंतर काढलाय." मला तो झेब्रा इतर झेब्र्यांसारखाच दिसायचा. मागून येणारी माणसं आमच्यावर आदळायची, सॉरी म्हणायची, आणि काका त्यांना उगाचच थँक्यू म्हणायचे.

मी त्यांची सून नव्हते. त्र्याऐंशी साली लग्न होऊन मी इंग्लंडात आले, तेव्हा माझ्या नवऱ्याला तिथल्या हॉस्पिटलात नोकरी होती आणि काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. खाली काका एकटेच राहत. बायको वारून तीन वर्षं झाली होती, आणि इथंच जन्मलेली एकुलती एक मुलगी ग्लासगोला डेंटिस्ट होती. पहिल्या दिवशी मी नमस्काराला वाकले, तर ते म्हणाले, "या सूनबाई. गॅसचं डावं बटण जरा अडकतं. तुमच्या सासूबाईंना त्याची युक्ती ठाऊक होती." मी चक्रावले, कारण माझ्या सासूबाई साताऱ्यात सुखरूप होत्या. मग कळलं, की काका त्यांच्या बायकोबद्दल बोलत होते. पुढे दहा वर्षं मला ह्या न पाहिलेल्या सासूबाईंचा जाच झाला. त्यांची आमटी, त्यांचे पडदे, त्यांची कपडे वाळत घालायची पद्धत; काही म्हणून माझं त्यांच्या तोडीचं झालं नाही.

काकांची नोकरी कौन्सिलमध्ये होती. रस्त्यावर पट्टे मारणारी गाडी येण्याच्या आधी दोरी, टेप आणि खडू घेऊन जायचं आणि पट्टा कुठून कुठे जाईल ते आखून ठेवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या मागून रंगवाले यायचे. "रंग काय, कोणीही मारील," काका म्हणायचे. "खडू कुठं टेकवायचा ते ज्याला कळलं, त्याला रस्ता कळला." तीन खडू कायम त्यांच्या अंगावर असत. एक शर्टाच्या खिशात, एक पॅंटच्या, आणि एक डाव्या पायमोज्यात. तिसरा कशाला, असं मी विचारलं होतं. पहिले दोन संपल्यावर माणसाची जी अवस्था होते, ती तुम्ही पाहिलेली नाही, असं उत्तर मिळालं. निवृत्त झाल्यावरही तो पायमोज्यातला खडू गेला नाही. माझ्या वॉशिंग मशीनमध्ये तो दोनदा फिरला, आणि नवऱ्याचे काळे मोजे कायमचे करडे झाले.

ह्या खडूच्या काळजीचं मूळ भूमध्य समुद्राच्या काठी होतं. काकांना जगात एकच शहर मान्य होतं, अलेक्झांड्रिया. तेही आजचं नाही. तेवीसशे वर्षांपूर्वी ज्या दिवशी ते आखलं गेलं, त्या एका दिवसाचं. ती गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली ह्याचा हिशेब नाही. राजा समुद्रकिनाऱ्यावर उभा आहे, इथे तट, इथे चौक, इथे देऊळ असं सांगतोय, मागून माणसं जमिनीवर पांढऱ्या रेघा ओढताहेत, आणि मध्येच खडू संपतो.

"खडू संपतो, सूनबाई! राजा समोर उभा, आणि खडू संपतो!" इथे काका दोन्ही हात डोक्याला लावायचे. "मग कोणीतरी म्हणालं, शिधा आहे ना आपल्याकडे? मजुरांसाठी जवाचं पीठ आणलंय, ते ओता. आणि त्या पिठानं सबंध शहर आखलं. हा माणूस कोण? पुस्तकात राजाचं नाव आहे. नकाशा काढणाऱ्याचंही आहे. पीठ ओता म्हणणाऱ्याचं नाही."

म्हणून काकांनी राजाचं नाव कधी उच्चारलं नाही. ते त्याला नुसतं 'राजेसाहेब' म्हणायचे, आणि तेही साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून बोलावं तशा सुरात. राजेसाहेब तिथे थोडे दिवस राहिले, पुढच्या लढाईला गेले आणि शहर उभं राहिलेलं बघायला काही परत आले नाहीत. काका स्वतःही कधी तिथे गेले नव्हते. मुंबईहून बोटीनं आले तेव्हा सुवेझच्या कालव्यातून वर पोर्ट सैदला दिवसभर थांबले होते, पण तेव्हा ह्यातलं काही माहीत नव्हतं. पुढे एका चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत पुठ्ठा निखळलेलं एक पुस्तक मिळालं आणि घोटाळा झाला. "त्याच्या दारावरून गेलो आणि बेल वाजवली नाही," असं ते म्हणायचे.

त्या पुस्तकाचा त्रास आम्हालाही झाला. अलेक्झांड्रियाचे रस्ते जरा कललेले ठेवले होते म्हणे, उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा वायव्येचा वारा गावभर खेळावा म्हणून. काकांनी ते वाचलं आणि घरातली कपाटं तिरकी लावली. स्वयंपाकघराची खिडकी आणि पुढचं दार समोरासमोर उघडं ठेवायचं, हा नियम झाला. जानेवारीत.

"काका, हे इल्फर्ड आहे," माझा नवरा मफलरमधून म्हणायचा. "इथला वारा न्युमोनिया घेऊन येतो. मी डॉक्टर आहे, मला माहितेय."

"घराला वारा लागतो, डॉक्टर," काका चहा ओतत सांगायचे. "तुम्ही एक स्वेटर जास्त घाला."

मी मुद्दाम एका कपाटाला ढकलून सरळ केलं, तर संध्याकाळी ते पुन्हा तिरकं. आमचा हा खेळ चार वर्षं चालला. मग आम्ही दोन गल्ल्या सोडून स्वतःचं घर घेतलं, सगळी कपाटं भिंतीला काटकोनात लावली, आणि पहिल्याच आठवड्यात मला त्या घरात गुदमरायला लागलं. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांना फार आनंद झाला असता.

काकांच्या वर्षातला मोठा दिवस म्हणजे एप्रिलमधला पहिला कोरडा रविवार. ह्या दिवशी मागच्या अंगणात ते जवाच्या पिठानं अलेक्झांड्रिया आखत. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलीला अशा गोष्टी सांगण्याची जबाबदारी खरं तर सासूबाईंची.

त्या पहिल्या एप्रिलात मी सकाळी कपडे वाळत घालायला खाली उतरले, तर हिरवळीवर पांढऱ्या रेघा. लांबच लांब, काटेकोर, एकमेकींना छेदणाऱ्या. पाडवा त्याच आठवड्यात होता. मला भरूनच आलं. म्हटलं, एकटा बिचारा माणूस, बायको नाही, सणाची रांगोळी घालायला बसला आणि ह्याला साधी स्वस्तिकाची वळणं येईनात, नुसत्या चौकटीच जमल्या. बरं, एक कोपरा तर तसाच सोडून दिलेला. मी वर गेले, हळद-कुंकवाची कोयरी घेऊन आले. पिठाची पिशवी पायरीवरच होती. त्या रिकाम्या कोपऱ्यात मी छोटी छोटी दहा-बारा घरं काढल्यासारखी ठिपक्यांची रांगोळी घातली, मध्ये पावलं काढली, आणि वर हळद-कुंकू वाहून हात जोडले. मग कपडे वाळत घातले. मोठ्या रस्त्यावरूनच चालत गेले असणार, कारण तिथे पुढे माझ्या चपला उमटलेल्या होत्या.

काका दोरी घेऊन शेडमधून बाहेर आले आणि जागच्या जागी उभे राहिले. मी म्हटलं, "तुमचा कोपरा राहिला होता. मी पुरा केला."

मला वाटलं, आता घर सोडा म्हणतात. त्यांनी दोरी गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. "इथंच का काढलीत?" त्यांनी विचारलं.

"रिकामा दिसला म्हणून."

"रिकामा नव्हता," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी ते पुस्तक आणलं. त्यात त्यांनी एक ओळ दाखवली. शहर आखायच्या आधीपासून त्या किनाऱ्याच्या पश्चिमेला राकोटिस नावाचं गाव होतं. मासेमारी करणाऱ्यांचं. "कोळीवाडा होता तिथं. मी इतकी वर्षं शहर काढतो आणि हा कोपरा सोडतो. ही ओळ वाचायची आणि पान उलटायचं." मग माझ्या पावलांकडे, त्या हळद-कुंकवाकडे बघत ते हळूच हसले. "आणि तुम्ही येऊन थेट कोळीवाडा पुजलात."

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात कुंपणावर पक्षी उतरायला लागले. आधी चिमण्या, मग कबुतरं, मग स्टार्लिंगांचा एक थवाच्या थवा. मी हातातला टॉवेल उगारला, तर काकांनी माझं मनगट धरलं. चटकन सोडलंही, पण धरलं. "राहू द्या. हेही आखणीतच आहे."

स्वयंपाकघराच्या पायरीवर आम्ही चहा घेऊन बसलो. ही पायरी म्हणजे दक्षिणेचं सरोवर होतं, समोरचं कुंपण म्हणजे समुद्र, कपडे वाळत घालायचा खांब म्हणजे दीपस्तंभ. कुंपणापलीकडे एक इंग्रज म्हातारी राहायची, तिला काका 'समुद्रावरच्या बाई' म्हणायचे. पक्षी राजवाडा टिपत होते. त्या दिवशीही असंच झालं होतं, काका सांगत होते. पिठाच्या रेघा पुऱ्या झाल्या आणि सरोवरावरून पक्ष्यांचे ढग आले. दाणा दाणा खाल्ला. सबंध शहर गेलं. राजेसाहेबांचा चेहरा पडला. अपशकुन! सगळे गप्प.

"मग शकुन सांगणारा पुढे झाला. म्हणाला, महाराज, उत्तम झालं. हे शहर पुष्कळांना जेवू घालील. देशोदेशीची माणसं इथं येऊन पोट भरतील." काकांनी बशीतला चहा संपवला. "त्याला पुढचं काय दिसत होतं देव जाणे. पण समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला त्याला दिसत होता. तेवढं पुरतं."

त्यानंतर दर वर्षी रेघा मारायच्या आधी काका वर हाक मारायचे, आणि आम्ही घर सोडल्यावर फोन करायचे: "सूनबाई, वस्ती घालायला या." आधी मी कोळीवाडा काढून हळद-कुंकू वाहायचं, मग काकांची दोरी. उरलेल्या पिठाची थालिपीठं. ती मात्र भयंकर व्हायची. जवाच्या पिठाला चिकटपणा नाही, तव्यावरच तुकडे पडायचे, आणि तरी मी ती मुकाट्यानं खायची, कारण सासूबाई खात असत.

पत्र आलं ते नव्वद सालच्या सुमाराला. पूर्वेकडून येणारा एक मोठा रस्ता होणार होता, आणि त्याच्या नकाशात काकांची ओळ होती. एकाला एक चिकटलेली अकरा घरं. सरकार योग्य ती भरपाई देईल, हरकत असेल तर सुनावणीत मांडावी.

आठवड्याच्या आत काकांच्या पुढच्या खोलीत सगळी ओळ जमली. चहा मी केला. सहा नंबरमधले सरदारजी बस चालवायचे, त्यांनी सुरुवात केली. "भाईसाहब, आप बोलिए. आप तो रोडवाले आदमी हो." दहा नंबरची आयरिश नर्स म्हणाली, की तिच्या तीन मुलांचा जन्म त्याच घरात झालाय. सगळ्यांचं म्हणणं एकच: काकांनी सुनावणीत उभं राहायचं आणि रेघ चुकीची आहे हे सिद्ध करायचं. तीस वर्षं रेघा आखलेल्या माणसाचं अधिकाऱ्यांना ऐकावं लागेल. काका म्हणाले, "आधी दोरी लावून बघतो." वादाला तोंड फुटलं की ते हेच म्हणायचे.

ग्लासगोहून रोज फोन यायला लागला. मी तिथे असले की काका रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे. "काकू, तू सांग ना बाबाला," ती म्हणायची. तिच्याहून मी जेमतेम दोन वर्षांनी मोठी होते, पण मराठी बोलणारी प्रत्येक बाई तिला काकूच वाटायची. "तो आईचा घर आहे. आई तिथे गेली. ही कॅन फाइट इट. तो का नाही फाइट करतो?"

तीन दिवस काका नकाशावर ओणवे होते. पट्टी, कर्कटक, भिंग. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा ते नकाशा गुंडाळून बसले होते आणि पुढचं दार बंद होतं. ते दार बंद मी प्रथमच पाहत होते.

"रेघ बरोबर आहे," ते म्हणाले.

मला राग आला. मी म्हटलं, काका, तुम्हाला रेघेचं प्रेम की घराचं? त्यांनी शांतपणे नकाशा उलगडला. दक्षिणेला सरकवली तर ती शाळेच्या मैदानातून जात होती. उत्तरेला सरकवली तर जुन्या फ्लॅट्सच्या दोन मोठ्या इमारतींतून, म्हणजे अकरांऐवजी शंभराच्या वर घरं. मधे वळण देता येत नव्हतं; का येत नव्हतं ते त्यांनी मला आकडे मांडून दाखवलं. मला आकडे कळले नाहीत. प्रत्येक आकडा त्यांनी तीनतीनदा खोडून पुन्हा लिहिला होता, ते कळलं.

"पण तुम्ही नुसतं चुकीची आहे म्हणालात तर? कोणाला कळणारे?"

"मला," काका म्हणाले. आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी इतक्या एप्रिलांत सांगितली नव्हती.

मुंबईला ते जमीन मोजणाऱ्या पैमाशवाल्यांच्या हाताखाली मोजणीची साखळी धरायला होते. बाविसाव्या वर्षी. किनाऱ्यालगत नवा रस्ता निघत होता आणि रेघ एका कोळीवाड्यातून जात होती. एका झोपडीच्या दारात एक म्हातारी दोरीवर बोंबील घालत होती. तिनं विचारलं, "बाबा, जरा बाजूनं न्या की." काका साखळी हातात धरून उभे होते, साहेब उन्हात ओरडत होता. ते म्हणाले, "रेघ आहे, आजी." आणि पुढे गेले. आठवड्यानं परत आले तेव्हा तिथे नुसते खांब रोवलेले होते.

"रेघ तेव्हाही बरोबरच होती," काका म्हणाले. "खोटं बोललो नाही मी तिच्याशी. पण उभ्या उभ्या सांगितलं, सूनबाई. दारात उभं राहून. बसलो नाही तिच्यापाशी." त्यांनी नकाशा पुन्हा गुंडाळला. "पुस्तकातली ती ओळ वाचून मी पान का उलटत होतो, ते तुम्ही त्या दिवशी विचारलं नाहीत. बरं केलंत."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक विचित्र काम आरंभलं. इस्त्रीचा शर्ट, टाय आणि नकाशा घेऊन ते एकेका घरी जायला लागले. घंटा वाजवायची, आत येऊ का विचारायचं, खुर्चीवर बसायचं, दिलेला चहा पूर्ण प्यायचा, आणि मग सांगायचं, की रेघ बरोबर आहे आणि सुनावणीत मी तेच म्हणणार आहे. सात घरांनी बसवून घेतलं. दोघांनी दारातूनच घालवलं. नर्स रडली, आणि काका तिच्याकडे संध्याकाळपर्यंत बसून राहिले. सरदारजींनी दार उघडलं नाही, तर त्यांच्या पुढच्या भिंतीवर जाऊन बसले. दोन तास. शेवटी सरदारजींची बायको बाहेर येऊन म्हणाली, "अंदर आ जाओ, ठंड लग जाएगी." आत गेले, बसले, सांगितलं. सरदारजी त्यांच्याशी त्यानंतर वर्षभर बोलले नाहीत. अकरावं उरलं ते त्यांचं स्वतःचं. तिथे त्यांनी सासूबाईंच्या फोटोसमोर बसून सांगितलं असणार. मी विचारलं नाही, आणि त्या दिवशी दोन कप विसळलेले होते.

सुनावणी एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. मी गेले होते. आपल्या ओळीतली माणसं एका बाजूला, आणि काका दुसऱ्या बाजूला एकटे, मुलांच्या छोट्या खुर्चीवर गुडघे वर करून. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले, तेव्हा माझ्या पाठीवर सगळ्या ओळीची नजर जाणवत होती. सुनावणी घेणारे गृहस्थ सभ्य होते, थकलेले होते. त्यांनी काकांचं नाव पुकारलं. काका उभे राहिले, आणि म्हणाले, "परवानगी असेल तर मी बसून बोलतो." त्यांना पायाचा त्रास असेल असं वाटून त्या गृहस्थांनी लगेच हो म्हटलं.

"सर, मी तीस वर्षं रस्ते आखले," काका इंग्रजीत म्हणाले. त्यांचं इंग्रजी साधं आणि सावकाश होतं, डांबरावर काम करणाऱ्या लोकांत शिकलेलं. "ही रेघ मी तपासली. ती बरोबर आहे. दुसरीकडून नेलीत तर जास्त लोकांचं नुकसान होईल. माझी हरकत नाही."

मागून कोणीतरी 'शेम' म्हणालं. काका थांबले नाहीत. "माझी एकच मागणी आहे. शेवटची नोटीस टपालानं पाठवू नका. माणूस पाठवा. आणि त्याला सांगा, आत जाऊन बस."

त्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "बसून काय करायचं त्यानं?"

"चहा प्यायचा," काका म्हणाले.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. त्या गृहस्थांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कळलं नाही, पण पुढच्या वर्षी, सगळं ठरल्यावर, खरोखरच एक तरुण अधिकारी मुलगी आली. दोन दिवसांत तिनं अकरा घरं केली. काकांच्या स्वयंपाकघरात ती कोट न काढता खुर्चीच्या कडेवर टेकली होती. मी थालिपीठं करत होते. काकांनी तिला कोट काढायला लावला, आणि वायव्येच्या वाऱ्याबद्दल सांगितलं. तिनं तीन थालिपीठं खाल्ली. इतकी वर्षं मी ज्या पदार्थाला नावं ठेवत होते, तो त्या मुलीला आवडला, ह्याचं मला जरा वाईटच वाटलं.

घरं रिकामी करायची ती मे महिन्यात. काका ग्लासगोला मुलीकडे जाणार होते. ती मुलगी त्यांच्याशी सहा महिने नीट बोलली नव्हती. शेवटी स्वतः येऊन सासूबाईंचे पडदे, पातेली खोक्यात भरायला लागली; अडकणारं बटण असलेली ती गॅसची शेगडीसुद्धा न्यायची होती, पण ती शेवटच्या दिवशी. आणि एप्रिलमधला पहिला कोरडा रविवार आला. मला फोन: "सूनबाई, वस्ती घालायला या."

मी गेले. काका अंगणात दोरी लावून उभे होते, पण दोरी नेहमीच्या दिशेनं नव्हती. अलेक्झांड्रिया नव्हतंच. एक सरळ रस्ता, आणि त्याला लागून अकरा चौकोन. दारं, खिडक्या, जिने, मागची अंगणं. नर्सच्या घरात तीन पाळणे. सरदारजींच्या दाराशी बस. प्रत्येक चौकोनात नंबर. आमच्या वरच्या दोन खोल्या कडेला वेगळ्या काढल्या होत्या, आणि त्यांत कपाटं तिरकी होती.

"रेघ?" मी विचारलं.

"ती ते काढतील," काका म्हणाले. "मी फक्त गाव काढलंय."

कुंपणावरून समुद्रावरच्या बाईंनी डोकं वर काढलं आणि मग बहुधा त्यांनीच जाऊन सांगितलं असावं. बाजूच्या गल्लीतून माणसं यायला लागली. नर्स आली, तिच्या मुली आल्या. सरदारजी सगळ्यात शेवटी आले, हात मागे बांधून सहा नंबरसमोर उभे राहिले. "किचन छोटा बनाया आपने," ते म्हणाले. काकांनी पिशवीतून मूठभर पीठ दिलं. सरदारजींनी वाकून आपलं किचन मोठं केलं.

"हळद-कुंकू आणलंत ना?" काकांनी मला विचारलं.

"आणलंय. वाहू कुठं? इथं कोळीवाडा कुठला?"

त्यांनी बोटानं चौथ्या चौकोनाकडे दाखवलं. त्यांचं घर. मी वाकले, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मागे त्यांची मुलगी उभी होती. तिनं काही न विचारता तसंच केलं, आधी कुंकू मग हळद, उलटं, पण केलं.

मग पक्षी आले. सरदारजींच्या बायकोनं ओढणी झटकली, तशी काकांनी नको म्हणून हात केला. सगळे भिंतीला टेकून बघत राहिले. सुरुवातीला गंमत वाटली. काका म्हणत होते, "नऊ नंबर गेला. दोनचा जिना गेला," आणि माणसं हसत होती. मग थवा चार नंबरवर उतरला. एका कबुतराचे पाय कुंकवानं लाल झाले आणि ते सासूबाईंच्या स्वयंपाकघरात फिरायला लागलं. पुढची खोली गेली. जिना गेला. काकांचं मोजणं थांबलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा पडलेला होता. इतक्या वर्षांत, त्या सुनावणीतसुद्धा, मी तो तसा पाहिला नव्हता. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि सगळे गप्प होते.

मी त्यांचा हात धरला, त्यांना पायरीवर बसवलं आणि शेजारी बसले. हे उभ्यानं सांगायचं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "ह्या घरानं पुष्कळांना जेवू घातलं. देशोदेशीची माणसं इथं येऊन पोट भरून गेली. मी त्यातलीच."

मग त्यांनी डाव्या पायमोज्यात हात घातला, तिसरा खडू काढला आणि माझ्या ओंजळीत ठेवला.

"थालिपीठं टाका," ते म्हणाले. "सगळ्यांना पुरतील एवढी."

मी उठून आत गेले. डावं बटण पहिल्याच खटक्याला लागलं.